फिशपॉण्डची पेटी आणि चौऱ्याहत्तरची बॅच

तिसरे_गेट

परवा माळ्यावरची ट्रंक खाली काढली, वाळवी लागलीय का बघायला. तळाशी एक शंभरपानी वही निघाली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईनं 'फि. पॉ. १९७४'. बायको म्हणाली, "फि. म्हणजे फी काय? कुणाची द्यायची राहिलीय अजून?"

फी नव्हे, फिशपॉण्ड. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकणाला छिन्नीनं फट पाडलेली. त्याला आम्ही पेटी म्हणायचो. गॅदरिंगच्या आधी आठ दिवस ती पेटी जिन्याखालच्या टेबलावर असायची आणि टेबलामागं मी. मी तेव्हा सेकंड बी.ए.ला. फायनलच्या मंडळींबद्दल ज्याला जे लिहायचंय त्यानं चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं, नाव न घालता. रोज संध्याकाळी पेटी उघडून मी त्या चिठ्ठ्या वहीत नीट अक्षरात उतरवायच्या. एका विद्यार्थ्याला एक पान. मग सर लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि स्टेजवर वाचण्याजोग्या असतील त्यांवर खूण करायचे. चार चिठ्ठ्यांतल्या तीन तिथंच गळायच्या. उरलेली एक सात्त्विक असायची, त्यामुळं कुणी हसायचं नाही. खरी मजा गाळलेल्यांत, आणि त्या सगळ्या या वहीत आहेत.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. बेळगावच्या टिळकवाडीतलं एवढं पुरे.

ही बॅच नशिबानं जरा वेगळी. बहुतेकांचा जन्म ५२-५३चा, म्हणजे मुंबई राज्यातला. पाटी हातात घेईपर्यंत १ नोव्हेंबर १९५६ उजाडला आणि म्हैसूर राज्य झालं. फायनलला आले तर १ नोव्हेंबर १९७३ला त्याचंही नाव बदलून कर्नाटक. वीस-एकवीस वर्षांत तीन राज्यं बघितली, आणि घर अनगोळातलं तेच, न्हाणीचं दारसुद्धा न बदललेलं.

आता वहीतली तीन पानं.

पान ४. 'अध्यक्षमहाशय'. वक्तृत्वाच्या ढाली इतक्या की त्याच्या आईनं एकीचा उपयोग पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून केला होता. हा कुठंही उभा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अध्यक्षमहाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधुभगिनींनो." कँटीनमध्ये उप्पीट संपल्याची तक्रारसुद्धा त्यानं याच क्रमानं केलेली मी ऐकलीय. काउंटरवरचा पोऱ्या अध्यक्ष, भजी तळणारा आचारी गुरुजनवर्ग. चिठ्ठी होती, 'थोडक्यात सांगतो म्हणाला आणि दुसऱ्या पाळीची मुलं आली.' ही गाळली, कारण सरांचंही तेच होतं.

पण त्याची खरी गंमत चिठ्ठीत कुणी लिहिली नाही. आजोळ गोकाककडचं, त्यामुळं कानडी तोंडात खडीसाखरेसारखं. दुपारी आम्हाला घेऊन खडेबाजारात जायचा. "बर्री, कूडरी" (या, बसा) पासून सुरू करून दुकानदाराच्या सासऱ्याच्या गुडघ्यापर्यंत चौकशी करायचा आणि पँटपीस दीड रुपयानं खाली आणायचा. संध्याकाळी सभेत हाच "बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचा आणि आम्ही छाती फुटेस्तोवर "झालाच पाहिजे". एकदा तोच दुकानदार सभेला मागं उभा. उतरल्यावर पाठीवर थाप मारून कानडीत म्हणाला, भाषण झकास झालं, पण शेवट लांबला.

पान ९. 'घोंगडं'. खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अंगाला कुठंतरी गाव. तिकडचा पाऊस म्हणजे छत्रीला हसणारा. हा गडी जून ते सप्टेंबर घोंगड्याची खोळ घेऊन कॉलेजात यायचा आणि वर्गात ती खिडकीच्या गजाला टांगायचा. तासभर तिच्यातनं पाणी ठिबकायचं आणि ओल्या लोकरीचा वास सुटायचा. पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, तर हा विचारायचा, "सर्दी झाली काय वो?" चिठ्ठी होती, 'मेंढरू आत आलं की मेंढपाळ, याचा निर्णय प्राचार्यांनी द्यावा.' गाळली. मला अजून वाटतं बरं झालं गाळली.

इंग्रजीला त्याला एक नाटक होतं. राजाचं भूत मुलाला येऊन सांगतं की मला माझ्या भावानंच मारलं. सरांनी विचारलं, नायकाचा स्वभाव सांग. हा उठला. "सर, बा येऊन स्वतः सांगूलालाय कुणी मारलं ते. आनि ह्यो गडी पाच अंक नुसता इचारच करूलालाय. आमच्या गावात असता तर पयल्या अंकातच केस बेळगावच्या कोर्टात आली असती." सर फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

जूनमध्ये निकाल लागला, इंग्रजीत ४२. नेमकं त्याच दिवसांत लॉर्ड्सवर आपला अख्खा संघ ४२ धावांत गुंडाळला. सगळं गाव सुतकात, चहाच्या गाड्यावर ट्रान्झिस्टर बंद करून ठेवलेला. हा तिथं आला आणि मार्क्सकार्ड वर धरून म्हणाला, "बघा गा. तेवढंच करायला तिकडं अकरा जण लागले. मी एकट्यानं केलंय." तेव्हापासून तो बेचाळीस. घोंगडं नाव मागं पडलं.

पान १२. 'पास'. वडील रेल्वेत. त्यामुळं घरच्या सगळ्यांना पास, आणि पैसे देऊन प्रवास करणं म्हणजे गोमांस खाणं. कॉलेजची सहल अंबोलीला निघाली तर याचा पहिला प्रश्न, तिथं रेल्वे जाते काय? सिनेमाला थिएटरच्या दारात डोअरकीपरला विचारायचा, "पास चालतो?" चिठ्ठी, 'हा परीक्षेतही पास दाखवूनच पास होणार.' ही वाचली गेली. हॉल पडायचा बाकी राहिला.

आता त्याचा निरोप ऐका. परीक्षा संपल्या. मुंबईला १६ मेला इंटरव्ह्यू. ८ मेच्या गाडीनं निघायचं, मिरजेला मीटरगेजमधून उतरून ब्रॉडगेजमध्ये बसायचं. संप होणार होणार अशी बोलवा होती, पण हा म्हणे, "ऐनवेळी मिटतो बघ." ७ तारखेला आम्ही वर्गणी काढून निरोप दिला. झेंडूचा हार, नारळ, अर्धा किलो कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई. अध्यक्षमहाशयांनी पाऊण तास भाषण केलं, दोघं रडले. ८ला देशभर रेल्वे बंद!

९ला हा गणपत गल्लीत भाजी घेताना दिसला. "अजून हितंच?" १०ला आम्ही परत निरोप दिला, बाय-टू चहावर. १२ला त्याच्याच घरी बसून मुंबईकरांसाठी बांधलेला कुंदा संपवला. शेवटी शेवटी तर तो दिसला की कुणीतरी नुसता रुमाल हलवायचा. संप २७ला मिटला. इंटरव्ह्यू कधीच होऊन गेला होता. एस.टी.चं तिकीट काढून गेला असता तर? पण नाही, पासातच जाणार. फुकटेपणानं नोकरी घालवणारा माणूस मी तो एकच बघितला.

लांबलं. एक विचारायचंय. पान १७ ते २० वर वरती नुसते रोल नंबर लिहिलेत, खाली काही नाही. कोरी. का ते मला आता आठवत नाही. त्या बॅचचं कुणी इथं असेल तर सांगा.

सदाशिवपेठी_नातू

मस्तच काका! एक बालिश शंका. फिशपॉण्ड म्हणजे नक्की काय? तळ्याचा काय संबंध?

तिसरे_गेट

तळ्यात गळ टाकायचा आणि जो मासा लागेल तो सगळ्यांपुढं वर काढायचा, अशी काहीतरी कल्पना असावी. जुने लोक शेलापागोटे म्हणायचे. सत्काराला खरा शेला आणि पागोटं देतात, इथं तसाच थाटात शब्दांचा आहेर, फक्त टोचणारा. फायनलच्या मुलाला स्टेजजवळ बोलवायचे, चिठ्ठी वाचायचे आणि तिला शोभेल अशी वस्तू हातात द्यायचे. घोंगडंला सर्दीची गोळी दिली होती. त्यानं तिथंच गिळली.

हौद्री

मी कन्नड घरचा. शिकलो कन्नड माध्यमात, मराठी गल्लीत खेळून आली. चुकलं तर सांभाळून घ्या.

काका, 'अध्यक्षमहाशय' वाचून हसलो. आमच्या वर्गात बरोब्बर उलटा नमुना होता. कन्नडच्या कार्यक्रमात पुढं, आणि घरी आजी मराठी, म्हणून रागावला की मराठीत शिव्या. आम्ही म्हणायचो, प्रेम सरकारी भाषेत कर, भांडण मातृभाषेत.

मी तुमच्या वहीतल्या बॅचच्या मागून तीन वर्षांनी, ७७चा. आमच्या सीनियर मंडळींचं एक प्रकरण सांगतो, गाऊनचं. तेव्हा आपली सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. पदवीदान धारवाडला. जाणं, राहणं, काळा गाऊन भाड्यानं घेणं, सगळा खर्च. बहुतेक जण पोस्टानं सर्टिफिकेट मागवून मोकळे. पण घरात भिंतीला गाऊनमधला फोटो पाहिजे! तो नसेल तर सोयरीक कशी जमणार?

आमच्या एका सीनियरनं डोकं चालवलं. धारवाडहून एका ओळखीच्याचा गाऊन आणि हूड दोन दिवसांसाठी आणला आणि स्टुडिओवाल्याशी ठरवलं, पाच जण, एका दरात. एकामागून एक आत जायचं, गाऊन घालायचा, फोटो, गाऊन काढून पुढच्याला द्यायचा. पाचही फोटो मी नंतर पाचही घरांत बघितलेत. गाऊन तोच, खुर्ची तीच, मागं रंगवलेला तोच ताजमहाल. हातातलं पदवीचं भेंडोळं म्हणजे स्टुडिओतलंच जुनं कॅलेंडर उलटं गुंडाळलेलं. नीट बघितलं तर कडेला तारखा दिसतात. दोघं उंच, तर गाऊन गुडघ्यावर. एक बुटका, तो स्टुलावर उभा. आणि पाचातल्या एकाचे दोन पेपर राहिलेले होते. तो म्हणाला, गाऊन परत कोण आणणार? आता आलाय तर काढून ठेवतो, पास मागनं होतो.

झाला पण. दोन वर्षांनी. फोटोची तारीख कुणी विचारली नाही.

सदाशिवपेठी_नातू

कॅलेंडर!! मेलो.

निपाणीकरीण

आमच्याकडची तऱ्हा याहून वेगळी. बेळगाववाल्यांचं राज्य बदललं, आमचं रोज सकाळी बदलायचं. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. चालत जायचं. वाटेत तंबाखूच्या वखारी. हंगामात इतकी झणझण की पहिल्या तासाला सगळा वर्ग शिंकायचा. बाहेरगावचे नवे प्राध्यापक आले की म्हणायचे, निपाणीत सर्दीची साथ आहे काय?

मी ८२ची. आमच्या पुढच्या वर्षात एक महाशय होते, त्यांना 'सुट्टीमास्तर' म्हणायचे. कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं, म्हणून महाराष्ट्राच्या सुट्ट्या हक्काच्या. १ नोव्हेंबरला मात्र म्हणायचे, मी राहतो कर्नाटकात, मला आज राज्योत्सवाची सुट्टी. सर म्हणाले, बाबा, निपाणीचा मराठी माणूस १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. तर म्हणाले, "तेच म्हणतोय सर. एकाच दिवशी दोन कारणं. एक सुट्टी तरी द्या."

ते फायनलला होते ते साल १९८१. मार्चमध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बैलगाड्या घेऊन बसले. शरद जोशींचं आंदोलन. रस्त्यावरच भाकऱ्या, रस्त्यावरच झोप. आमच्या अर्ध्या वर्गाचे वडील तिथं. निरोप समारंभाला ग्रुप फोटो काढायला कोल्हापूरहून फोटोग्राफर सांगितला होता, तो काही येऊ शकला नाही. मग सुट्टीमास्तरांनी खडू घेतला आणि फळ्यावर सगळा फायनलचा वर्ग काढला. तीन रांगा. नाकं आणि भांग एवढ्यावर माणूस ओळखू यायचा. स्वतःच्या जागी रिकामी खुर्ची काढली आणि खाली लिहिलं, 'रजेवर.' शिपायानं आठ दिवस फळा पुसला नाही.

६ एप्रिलला गोळीबार झाला. त्यानंतर समारंभाचं कुणी बोललंच नाही. त्या बॅचचा फोटो नाही तो नाहीच.

लोंढा_पॅसेंजर

काका, सगळं वाचून पोट दुखलं, पण 'पास'बद्दल एक सांगायला पाहिजे.

मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, त्याच क्वार्टर्समध्ये वाढलेला. माझे वडीलही रेल्वेतच. संपाच्या त्या वीस दिवसांत आमच्या लाइनीतले बाप्ये रात्री घरी झोपत नव्हते. धरपकड चालू होती. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं, कुणी शेतातल्या खोपटात. 'पास'चे वडील आमच्या भागात संपाच्या कामात पुढं होते. ते १० मेपासून कुठं आहेत हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात आई, दोन बहिणी आणि हा.

भाजी घ्यायला तो गणपत गल्लीपर्यंत जायचा, कारण वडलांचा निरोप तिथल्या एका दुकानात मिळायचा. माझ्या आईनं सांगितलेलं आहे. एस.टी.चे पैसे होते त्याच्याकडं. माझ्या वडलांनीच दिले होते, जा म्हणून. त्यानं ते संप मिटल्यावर परत आणून दिले, सुट्टे होते तसेच.

तुम्ही 'फुकटेपणानं' लिहिलंय म्हणून सांगितलं. राग नाही.

तिसरे_गेट

हे मला माहीत नव्हतं.

दोन वेळा वाचलं तुमचं. आठवायला बसलो. १२ तारखेला त्याच्या घरी कुंदा खायला गेलो होतो ते वर हसत हसत लिहिलंय. तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरातनं बाहेरच आली नाही. मला वाटलं, आम्ही चौघं अचानक गेलो, म्हणून रागावली. आणि तो सारखा उठून दाराकडं बघत होता. आम्ही म्हणालो, काय रे, गाडीची शिट्टी ऐकू येऊलालीय काय? तो हसला आणि म्हणाला, "होय की. खा, खा, संपवा."

सांगितलं असतं तर काय आम्ही कुणाला बोललो असतो? कदाचित बोललो असतो. चार पोरं, त्यात एक अध्यक्षमहाशय.

घोंगडीकर_नव्हे_पण_जांबोटीचा

विषय बदलतो, वातावरण जड झालं. 'बेचाळीस' पुढं काय करतात? आमच्या भागातले असतील तर मी ओळखत असेन.

तिसरे_गेट

हायस्कुलात मास्तर झाला. कुठल्या विषयाचा विचारा. इंग्रजी! त्याच्या हाताखालची पोरं चांगली निघाली, कारण तो नाटक-गोष्टी सगळ्या गावाच्या भाषेत आधी सांगायचा आणि मग इंग्रजी वाचायचा. निवृत्त झाल्यावर गावाकडंच असतो, भात लावतो. दर वर्षी एक पोतं तांदूळ पाठवतो आणि पोत्यावर नावाखाली ४२ असा आकडा. टेंपोवाल्याला वाटतं किलो.

शहापूरची_लेक

मी एरवी इथं लिहीत नाही, नुसती वाचते. नातीनं टायपायला शिकवलंय, सावकाश लिहिते.

पान १७ ते २० मी सांगते. रोल नंबर वाचले असतेत तर तुम्हालाही कळलं असतं. त्या आम्ही चौघी. फायनलला मुली चारच होत्या.

त्या वर्षी आमच्या मॅडमनी सांगितलं होतं की मुलींवरच्या चिठ्ठ्या स्टेजवर वाचायच्या नाहीत. आदल्या वर्षी कुणावर तरी काही वाचलं गेलं आणि तिच्या घरच्यांनी तिचं कॉलेज थांबवलं. म्हणून रोज तुम्ही पेटी उघडायच्या आधी मॅडम मुलींच्या चिठ्ठ्या काढून घ्यायच्या. तुम्ही तेवढ्यात चहाला गेलेले असायचात. कुलूप होतं, पण किल्ली टेबलाच्या खणातच.

आणि त्या चिठ्ठ्या वाया नाही गेल्या. लेडीज रूममध्ये आम्ही दार लावून वाचल्या. मुलांनी लिहिलेल्या इतक्या भिकार होत्या की आम्ही आमच्या आम्ही नव्या लिहिल्या.

आमच्यात एक होती, तिला 'उधारी आक्का' म्हणायचो. शहापूरचीच, घरी माग. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तिचे आजोबा सांगत, संस्थानातल्या घरीही साडी आम्ही दिलीय. खरं-खोटं तेच जाणोत. पहाटे उठून कांड्या भरून मग कॉलेजला यायची. बोटांच्या पेरांना कधी हिरवा, कधी डाळिंबी रंग. त्यावरनं आम्ही ओळखायचो, आज मागावर काय आहे. दुसऱ्याच्या लग्नात गेली की नवरीकडं न बघता पदर दोन बोटांत धरायची, उलटा करून बघायची आणि कानात सांगायची, "पंचाऐंशी. नव्वद सांगितले असतील तर फसवलं."

निरोपाला आम्ही चौघींनी सारख्या साड्या घ्यायच्या ठरवल्या. ऐपत दोघींचीच. ती म्हणाली, मागाच्या भावानं देते, हप्त्यानं द्या. हिशेब इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर. पुढं पेशवाई, मागं आमची उधारी. तिच्यावरची आमची चिठ्ठी अशी होती, 'हिनं पानिपताचा हिशेब ठेवला असता तर दोन मोत्यं गळाली आणि खुर्दा किती गेला, तो आकडाही आपल्याला पैशापर्यंत कळला असता.'

मी साडेसात रुपये अजून देणं आहे. दर दिवाळीला फोन करते, ती आधी विचारते, "पैसे पाठवलीस?" मी म्हणते, "पाठवले की बोलणं बंद करशील."

सदाशिवपेठी_नातू

ही चिठ्ठी सगळ्यांत भारी. आजी, अजून लिहा ना!

हौद्री

आक्कांनी व्याज धरलं तर घर विकायला लागेल हो.

तिसरे_गेट

बाई, नमस्कार. पन्नास वर्षांनी कळतंय की माझी पेटी फोडली जात होती आणि मी उप्पीट खात होतो.

साडी कुठल्या रंगाची होती? मला हिरवी आठवते.

शहापूरची_लेक

मोरपंखी, लाल काठ. तुम्हाला आठवते याचंच नवल. तुम्ही मान वर करून बघितलेलं आम्हाला तरी कुणाला आठवत नाही.

आता निघालंच आहे तर सांगते. आम्ही मुलांवरपण लिहिल्या होत्या. फायनलच्या सगळ्यांवर, आणि एक सेकंड इयरवाल्यावर. पेटीवाल्यावर.

तिसरे_गेट

माझ्यावर? नियमात बसत नाही. सेकंड इयरला फिशपॉण्ड नसतो.

शहापूरची_लेक

म्हणूनच पेटीत टाकली नाही.

लोंढा_पॅसेंजर

आजी, आता सांगितल्याशिवाय सुट्टी नाही.

निपाणीकरीण

सांगा की!

शहापूरची_लेक

शब्द न् शब्द आठवत नाही, पण असं होतं. 'पेटी सांभाळणारा मुलगा प्रत्येक चिठ्ठी दोनदा उलगडून बघतो. एकदा वहीत उतरवायला, आणि एकदा आपलं नाव आहे का बघायला.'

लिहिली होती उधारी आक्कानं. तिची नजर तशी.

सदाशिवपेठी_नातू

काका??

हौद्री

काका गेले वाटतं चहाला. किल्ली खणातच आहे.

तिसरे_गेट

आहे, इथंच आहे. वही परत काढून बसलो होतो.

वहीचं शेवटचं पान मी वर सांगितलं नव्हतं. त्यावर एक चिठ्ठी उतरवलेली आहे आणि तिच्यावर सरांची मोठी लाल फुली. बाजूला त्यांच्याच अक्षरात, 'सेकंड इयर. चालणार नाही.' माझ्यावरची आहे. पेटीत माझ्या नावानं आलेली एकच.

टाकली मीच होती. डाव्या हातानं लिहून.

शहापूरची_लेक

ते आम्हाला माहीत होतं. मॅडमनी ती मुलींची समजून आधी काढली होती, मग परत टाकली. काय लिहिलं होतंत तेवढं मात्र मॅडमनी सांगितलं नाही. आता तुम्ही सांगा.

तिसरे_गेट

गोत्तिल्ला. कानडीत, माहीत नाही.